कॅसेटआक्का

फोटो काढताना आक्का कुणालाही ‘हसा’ म्हणत नसे. ती विचारायची, ‘‘जेवलास का?’’ समोरचा माणूस ‘व्हय’ म्हणायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात ती बटण दाबायची. त्यामुळे औंधच्या आसपासच्या पाच-सहा गावांत त्या काळात काढलेल्या फोटोंमधली माणसं जराशी तोंड उघडून, काहीतरी सांगायच्या बेतात असलेली दिसतात. साताऱ्यात स्टुडिओत जाऊन फोटो काढून आलेली मंडळी या फोटोंना हसायची. आक्काला त्याचं काही नव्हतं. तिचं म्हणणं, ‘हसा’ म्हटलं की माणूस कॅमेऱ्याकडं बघतो आणि ‘जेवलास का’ विचारलं की विचारणाऱ्याकडं बघतो. ‘‘लांब बसून फोटू बगणाऱ्याला वाटाय नगं व्हय, की ह्यो माज्याशीच बोलतोय?’’

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिची ओळख करून द्यायची तर अजूनही मी तिच्या त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

मी मूळचा माधवनगरचा. वडील कापड गिरणीत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला औंधपासून चार मैलांवरच्या एका गावात प्राथमिक शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली आणि राहायला खोली मिळाली ती आक्काच्या स्टुडिओच्या माडीवर. स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडची एक खोली, मागच्या भिंतीवर रंगवलेला धबधबा आणि त्यापुढे एक लोखंडी खुर्ची. हा स्टुडिओ तिच्या नवऱ्याने, नानांनी काढला होता. नाना सैन्यात कारकून होते. निवृत्त होऊन आले, कॅमेरा घेतला आणि पाच वर्षांत गेले. लोकांना वाटलं, आता बाई कॅमेरा विकून टाकेल. बाईने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दुसऱ्या आठवड्यात एका बारशाला हजर झाली.

सुरुवातीला ती मला ‘अवो गुर्जी’ म्हणायची. दोन महिन्यांत अवो गेलं आणि सहा महिन्यांत मी सरळ ‘अरं’ झालो. त्याला कारण माझा आवाज.

आमच्या गावात दोन घरं सोडली की तिसऱ्या घरातला एक माणूस सैन्यात. कुणी आसामात, कुणी राजस्थानात, कुणी पार वर बर्फात. पत्रं जायची, मनीऑर्डरी यायच्या, पण घर कसं दिसतं, पोरं केवढी झाली, उसाला तुरा आला का, हे पत्रातून कळायचं नाही. आक्काने त्यावर एक उपाय काढला होता. ती त्या घरी जायची, दिवसभर बसून पंचवीस-तीस फोटो काढायची. ते धुऊन आले की स्टुडिओतल्या एका तिरक्या फळीवर एकेक फोटो टाचायची, दोन बाजूंनी दोन दिवे लावायची आणि समोर व्हिडिओ कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून एकेक फोटो कॅसेटवर उतरवायची. त्यावर कुणीतरी बोलायचं : हा गोठा, ही नवीन चूल, ही तुझी आई. रजा संपवून परत निघालेल्या गावच्याच जवानाच्या ट्रंकेत लाडवांच्या डब्याशेजारी ती कॅसेट जायची आणि तिकडे पलटणीच्या टीव्हीवर सगळे मिळून बघायचे. म्हणून तिचं नाव कॅसेटआक्का.

व्हिडिओ कॅमेरा हाताशी असताना ही बाई फोटो काढून त्यांचं शूटिंग कशाला करते, हा प्रश्न मलाही पडला होता. मी विचारलंही. ती म्हणाली, ‘‘हालत्या चित्रात माणूस पळतंय रं. फोटूत थांबतंय. दोन-दोन वर्सं घरापासनं लांब असलेल्याला थांबलेलं माणूस पायजे.’’ शिवाय त्या कॅमेऱ्याची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकायची, हेही एक कारण होतं. पण ते ती कधी सांगायची नाही.

एक फोटो पडद्यावर किती वेळ ठेवायचा याचं तिचं स्वतःचं माप होतं. एका माणसाला एक श्वास. फोटोत दोघं असतील तर दोन श्वास, घरातली सात माणसं असतील तर सात. कॅमेऱ्यामागे उभी राहून ती खरोखरच शांतपणे श्वास घ्यायची आणि सोडायची, मग बटण बंद. म्हैस माणसातच धरायची, कोंबड्या नाहीत. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो होता, साठ-सत्तर माणसं. ती कॅसेट गावच्या केबलवर लागली तेव्हा चित्र अडकलं असं समजून तीन घरांनी केबलवाल्याकडे तक्रार नेली. आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मग कुणाला गाळू? मागल्या रांगंतल्याची आय बी बगती की टीव्ही.’’

हल्ली माझी मुलगी सहलीचे फोटो फोनवरच एकापुढे एक जोडते, खाली गाणं घालते आणि चहाला आधण येईपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पोचलेला असतो. मला त्याचं कौतुक आहे. सोय आहे ती. फक्त त्यातलं एकेक माणूस इतक्या घाईने जातं, की मी ‘थांब, थांब’ म्हणेपर्यंत पुढचं आलेलं असतं. मुलगी म्हणते, बाबा, पुन्हा लावा की. बरोबर आहे तिचं. पण आक्काने त्या घाईला पहिल्याच दिवशी चार शब्द सुनावले असते.

कॅसेटमध्ये गाणी घालायला तिची साफ बंदी. बोलणं आणि बोलण्यामागे जे काही ऐकू येईल ते. शेजारची पिठाची गिरणी चालू असायची, मध्येच कुकरची शिट्टी व्हायची, एसटी वळणावर हॉर्न द्यायची. मी कॅसेटवर बोलायला लागलो तेव्हा सुरुवातीला खिडकी लावायला गेलो तर तिने माझा हात धरला. आसामातल्या एका जवानाचं पत्र आलं होतं तिला. त्यात त्याने बाकी काही लिहिलं नव्हतं. आमच्या गिरणीचा आवाज ऐकला आणि पोरं सगळी गप्प झाली, एवढंच होतं.

आणि तिचा एक नियम होता, त्यावरून गावात अधूनमधून भांडणं व्हायची. ‘‘हाय त्ये लपवायचं न्हाई, न्हाई त्ये दावायचं न्हाई.’’ एका घरच्या मंडळींनी फोटोसाठी शेजारच्या बापूंचा ट्रॅक्टर मागून आणून अंगणात उभा केला आणि सगळे त्याच्यापुढे ऐटीत उभे राहिले. आक्काने फोटो काढला, कॅसेटमध्येही घेतला. पण त्या फोटोवर मला बोलायला लावलं, ‘हे सर्वजण मजेत आहेत. मागचा ट्रॅक्टर बापूंचा आहे.’ पलटणीत त्या जवानाला पुढे वर्षभर सगळे ‘बापूंचा ट्रॅक्टर’ म्हणत होते असं ऐकलं. घरचे लोक आक्काशी महिनाभर बोलले नाहीत. ती त्यांच्या अंगणावरून जाताना मुद्दाम मोठ्यांदा ‘जेवला का सगळी?’ म्हणून विचारायची. शेवटी त्या घरच्या म्हातारीला हसू फुटलं आणि भांडण मिटलं.

माझ्याआधी कॅसेटवर पोस्टमन बोलायचे. त्यांना दमा झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. माझा आवाज बरा होता आणि त्याहून जास्त म्हणजे, तो बरा आहे हे मला ठाऊक होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये निवेदन करून करून मला शब्दांना उगाच वजन द्यायची सवय लागली होती. आक्का म्हणायची, ‘‘लिवलंय तेवढं वाच. तुजं त्यात घालू नगंस.’’ मी हो म्हणायचो.

आता मारुती हवालदारांची गोष्ट सांगायला हवी, कारण आक्का मला खऱ्या अर्थाने कळली ती त्यात. मारुती आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा. त्याची मुलगी सोनी रांगत होती तेव्हा तो ड्यूटीवर गेला आणि नंतर लागोपाठ दोनदा त्याची रजा रद्द झाली. सोनी तीन वर्षांची झाली तरी बापाला तिने पाहिलेलं नव्हतं; म्हणजे पाहिलं होतं ते आठवण्याजोगं नव्हतं. तिची आई सुरेखा एकदा आक्काकडे आली आणि म्हणाली, ‘‘आक्का, हिला बापाचा फोटू दावला तर ही त्येला मामा म्हणती. आला आन् पोरगी गेलीच न्हाई त्याच्याजवळ, तर त्यो काय म्हणंल ओ?’’

 दुसऱ्या दिवशी आक्काने मला मारुतीला पत्र लिहायला बसवलं : तुझे तिकडचे जेवढे मिळतील तेवढे फोटो पाठव आणि प्रत्येक फोटोबद्दल दोन ओळी लिही. महिन्याभराने फोटो आले. सगळे एकाच तंबूपुढचे, कारण बाकी काही टिपायला परवानगी नसावी. तंबूपुढे मारुती उभा, तंबूपुढे मारुती बसलेला, तंबूपुढे बर्फ आणि बर्फात मारुती. बरोबरच्या ओळी अशा : मी खुशाल आहे. येथे थंडी आहे. म्हशीला पेंड घालणे.

या वेळी कॅसेट उलट्या दिशेने जायची होती. ती दर रविवारी सकाळी दहाला गावच्या केबलवर लावायची, म्हणजे सोनीला घरबसल्या बाप दिसेल, असं आक्काचं गणित. मी ओळी वाचून दाखवल्या. आक्काने दोनदा ऐकल्या आणि कपाळाला हात लावला.

‘‘ह्यात पोरीसाठी काय हाय?’’

‘‘काहीच नाही, आक्का. पेंड म्हशीसाठी आहे.’’

तिने तंबूचा फोटो पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, ‘‘एक वाक्य घाल तुज्या मनानं. पोरीला हाक मार. एकच.’’

मी हाक मारली. ‘सोनी बाळ, बाबांना ओळखलंस का?’ मारुतीची पत्रं मी ‘मी’ म्हणूनच वाचत होतो, त्यामुळे हाकही त्याच्याच नावाने गेली. त्या रविवारी सोनी टीव्हीपुढे उभी राहून ‘व्हय’ म्हणाली, असं सुरेखा धावत येऊन सांगून गेली. आक्काचा चेहरा असा खुलला, की तिने मला न विचारता दोन वेळा चहा केला.

पुढे वर्षभरात अशा चार कॅसेटी झाल्या. तंबू तोच, पण माझं एक वाक्य प्रत्येक वेळी वाढत गेलं. ‘इथे इतकी थंडी असते की ताटातल्या भाताचासुद्धा खडा होतो.’ हे मारुतीने लिहिलेलं नव्हतं, मी रचलं होतं. ‘बाबा रोज रात्री तुझं नाव घेऊन झोपतात.’ हेही माझंच. आक्का कॅमेऱ्यामागून डोळे मोठे करायची, पण थांबवत नव्हती, कारण रविवारी सोनी नवीन फ्रॉक घालून टीव्हीला दाखवते, टीव्हीशी बोलते, हे सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं. बायका मला विहिरीवर थांबवून सांगायच्या, गुर्जी, काय बोलता ओ, डोळ्यांत पाणी आणता. मी अंगावर मूठभर मांस चढवून शाळेत जायचो.

आणि मग मारुतीला रजा मिळाली. पूर्ण महिनाभराची.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आक्काचे आभार मानायला पेढे घेऊन स्टुडिओत आला. सुरेखा बरोबर होती आणि तिच्या पदराआड सोनी. मारुती धिप्पाड, उन्हाने रापलेला, आणि बोलायला अगदी कंजूष. मी आवाज ऐकून माडीवरून खाली आलो आणि जिन्यातूनच म्हणालो, ‘‘या हवालदारसाहेब, प्रवास नीट झाला ना?’’

टीव्हीबाहेर तो आवाज सोनीने पहिल्यांदाच ऐकला. तिने पदर सोडला. सरळ धावत आली आणि माझ्या गुडघ्याला मिठी मारून म्हणाली, ‘‘बाबा.’’

 सुरेखाने तोंडावर हात ठेवला. मारुतीच हसला. ‘‘बराबर हाय की. आवाज गुर्जींचाच हाय,’’ असं म्हणून तो खाली बघून मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा घट्ट करू लागला. तो पट्टा सैल नव्हता. सुरेखाने सोनीला उचललं तेव्हा ती रडायला लागली आणि बापाने हात पुढे केला तर आणखीच रडली.

मला किती वाईट वाटलं हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं. पण एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती इथे सांगतो. ती मिठी बसली तेव्हा पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, एकटा, घरापासून लांब. त्या पोरीने मला बाबा म्हटलं आणि मला ते आवडलं. आक्काच्या नजरेतून ते सुटलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. मला समोर बसवलं. 

‘‘चूक तुजी न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाई त्ये दावायचं न्हाई, असं मीच सगळ्यांला सांगती आन् मीच तुला म्हनलं, एक वाक्य घाल. न्हाई त्यो बाप दावला मी तिला.’’

मी म्हणालो, होईल सगळं नीट, लहान आहे, चार दिवसांत ओळखेल.

‘‘न्हाई ओळकत,’’ ती म्हणाली. ‘‘माजा बाळू न्हाई ओळकला. नाना सतरा वर्सं नोकरीत हुतं. वर्सातनं येकदा यायचं, तवर पोरगं इसरल्यालं असायचं. सातवीत असताना बाळूनं त्येंला चा दिला आन् मला आत यिऊन इचारलं, ‘आये, पाव्हणं कवा जाणार हाईत?’ त्येंनी ऐकलं त्ये. कायमचं घरी आलं तरी दोघांचं कवा जमलं न्हाई. भांडान बी न्हाई. नुसतं बसायचं समोरासमोर, पाव्हण्यावाणी.’’

बाळू तेव्हा शिरवळला एका कारखान्यात होता, दिवाळीला येऊन जायचा. चांगला माणूस. आईचं सगळं बघायचा. पण नानांबद्दल तो एक शब्द बोललेला मी कधी ऐकला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं.

सूप बाजूला ठेवून तिने मला हुकूम दिला. मारुतीची रजा संपेपर्यंत मी गल्लीच्या त्या टोकाला पाय ठेवायचा नाही. शाळेत पाटाच्या कडेने जायचं. आणि सोनीच्या कानावर जाईल असं कुठेही बोलायचं नाही.

हे सांगणं सोपं होतं. नेमका त्याच आठवड्यात माझा वर्ग शाळेच्या मागच्या खोलीत आला होता आणि तिची खिडकी मारुतीच्या परसात उघडत होती. मी पंधरा-वीस दिवस दुसरीच्या वर्गाला कुजबुजत शिकवलं. पाढे कुजबुजत, कविता कुजबुजत. पोरांना वाटलं हा काही नवीन खेळ आहे. तीही कुजबुजत उत्तरं देऊ लागली. एकदा साहेब तपासणीला आले आणि एवढा शांत वर्ग तालुक्यात दुसरा नाही असं शेरेबुकात लिहून गेले. आक्काला सांगितलं तेव्हा त्या सगळ्या काळजीतही ती पोट धरून हसली.

तिकडे मारुतीचं काही जमत नव्हतं. त्याने औंधच्या बाजारातून बाहुली आणली, यमाईच्या डोंगरावर नेलं, खांद्यावर घेतलं. सोनी बाहुली घ्यायची आणि आईमागे जाऊन उभी राहायची. त्यात आक्काने केबलवरची ती कॅसेट बंद करायला लावली होती. रविवारी दहा वाजता सोनी टीव्हीपुढे बसली आणि तिचे बाबा आलेच नाहीत. दिवसभर ती जेवली नाही. सुरेखा आक्कापुढे येऊन रडली. रजेचे बारा दिवस उरले होते.

आक्का झालेली कॅसेट कधी पुन्हा करत नसे. झालं ते झालं, असं तिचं असायचं. या वेळी तिने चारही कॅसेटींचे फोटो बाहेर काढले आणि मारुतीला निरोप धाडला. तेच फोटो, त्याच क्रमाने, पण बोलणार मारुती. मला माडीवर बसवून वर ताकीद, की खाकरायचंसुद्धा नाही. माडीची जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे मला खालचं सगळं ऐकू येत होतं.

पहिल्या दिवशी मारुती बोलला तो साहेबापुढे हजेरी द्यावी तसा. ‘‘हा तंबू. हा मी.’’

‘‘आन्?’’ आक्काने विचारलं.

‘‘एवढंच हाय की, आक्का.’’

‘‘गड्या, तीन वर्सांत एवढंच?’’

‘‘तंबू हाय, मी हाय. आनिक काय सांगू?’’

असा तो पहिला दिवस गेला. दुसरा तसाच. मी वर बसून तळमळत होतो. प्रत्येक फोटोवर काय बोलायचं ते मला पाठ होतं आणि खाली तो माणूस स्वतःच्याच फोटोपुढे मुका उभा होता. तिसऱ्या दिवशी आक्काने सुरेखालाही बोलावलं. सोनी दारात आईच्या मांडीवर बिस्कीट खात बसली. आक्काने बर्फातला फोटो फळीवर टाचला आणि कॅमेरा सुरू केला.

‘‘हितं मी उबा हाय,’’ मारुती म्हणाला आणि थांबला.

गिरणी चालू होती. तिच्या आवाजातून सोनीचा बारीक आवाज आला, ‘‘बरफाचं सांग की.’’

‘‘व्हय. हितं बर्फ हाय.’’

‘‘तसं न्हाई,’’ सोनी म्हणाली. तिला कॅसेट तोंडपाठ होती. ‘‘हितं लय थंडी असती. भाताचा खडा हुतो.’’

मी वर कानकोंडा झालो. मारुती म्हणाला, ‘‘भाताचा? न्हाई बाळ. भात गरमच असतोय आमचा, श्टोव्ह असतोय. कुणी सांगितलं तुला भाताचं?’’

‘‘टीव्हीतल्या बाबानं.’’

‘‘त्येला ठावं न्हाई. अंड्याचा हुतो खडा. अंडं दगडावर आपटलं तरी फुटत न्हाई.’’

‘‘खोटं.’’

‘‘तुजी शप्पथ. आमी चेंडू खेळलोय अंड्यानं.’’

मग हसण्याचा आवाज आला. आधी लहान, मग मोठा. त्यानंतर पावलं वाजली, बारीक पावलं, दारापासून फळीपर्यंत. ‘‘ह्ये डोक्यावर काय हाय? तंबूत उंदीर येतोय?’’ आणि मारुती, ज्याला दोन दिवस दोन वाक्यं सुचत नव्हती, तो उंदराचं नाव काय ठेवलं होतं, तो कुणाचे मोजे पळवायचा, हे सगळं सांगत सुटला. आक्का कॅमेरा बंद करेना. फोटोत एकच माणूस होता. तिच्या मापाने एका श्वासाचं काम. त्या एका फोटोवर ती कॅसेट किती तरी वेळ चालू राहिली आणि आक्काने एकदाही बटणाला हात लावला नाही. मी वर फळीला कान लावून पालथा पडलो होतो. मला रडू येत होतं, थोडं त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्या भाताच्या खड्यासाठी.

पुढचे दिवस मारुती आणि सोनी गावभर एकत्र दिसायचे. म्हणजे इतरांना दिसायचे, मला पाटाकडून जावं लागत होतं. मारुती जाताना ती कॅसेट घेऊन गेला. दुसरी प्रत केबलवर लागली, आणि मागून उंदराची गोष्ट ऐकायला सगळं गाव रविवारी दहाला आपापली कामं टाकून बसू लागलं.

तो निघाला त्या सकाळी आक्का मला म्हणाली, ‘‘चल ष्टँडवर. आता बोल काय बोलायचं त्ये.’’ एसटी लागली होती. मारुतीने ट्रंक टपावर चढवली आणि सोनीला खांद्यावर घेतलं. मी पुढे होऊन म्हणालो, ‘‘हवालदारसाहेब, जपून राहा. पत्र पाठवा.’’

माझा आवाज ऐकल्याबरोबर सोनीने मान वळवली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. सुरेखा तिला घ्यायला पुढे सरकली. मग सोनी बापाच्या कानाशी वाकली आणि सगळ्या ष्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, ‘‘बाबा, ह्ये गुर्जी तुजी नक्कल करायचं.’’

मारुती असा हसला की खांद्यावरची पोरगी गदगदा हलली. मीही हसलो. एसटी गेली. सोनी रडली, बाप गेल्यावर मूल रडतं तशी, आणि सुरेखा तिला घेऊन घरी गेली.

परतताना आक्का माझ्याबरोबर हळूहळू चालत होती. थोडं पुढे आल्यावर म्हणाली, ‘‘लागलं का रं?’’

‘‘लागलं,’’ मी म्हणालो.

ती मान हलवत काही पावलं चालली. ‘‘लागू दे. माज्या बाळूला नक्कल करून दावाय बी कुणी नव्हतं.’’

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी खाली सामान सरकवल्याचा आवाज आला म्हणून मी जिन्यातून डोकावलो. आक्काने फळी उभी केली होती, दिवे लावले होते आणि गणवेशातल्या एका तरुण माणसाचा पिवळा पडलेला फोटो टाचला होता. मी विचारलं, मी येऊ का बोलायला? ती नको म्हणाली. खिडकीही उघडीच राहू दे म्हणाली. इतक्या वर्षांत एकाही कॅसेटवर तिचा आवाज नव्हता. मी वर जाऊन बसलो. गिरणी सुरू झाली, कॅमेऱ्याचं बटण वाजलं आणि मग बराच वेळ काहीच नाही. दोनदा तिने घसा साफ केला. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

‘‘बाळू,’’ ती म्हणाली, ‘‘ह्यो तुजा बाप.’’